पीपीने बांधलेले पर्ल प्रोग्रॅम: कॅशे ठेवावा की दर वेळी सफाई करावी?

पर्ल भाषेतली स्क्रिप्ट पीपी या पॅकिंगच्या साधनाने बांधून एकच एक्झिक्युटेबल फाईल तयार केली, तरी चालताना तिला आतली मॉड्यूल्स आणि शेअर्ड लायब्ऱ्या डिस्कवर कुठेतरी उतरवाव्याच लागतात. त्या कामानंतर पुढच्या वेळेसाठी कॅशे म्हणून तशाच ठेवायच्या की क्लीन पर्याय देऊन पुसायच्या, हे बांधताना ठरवता येते. मी दोन्ही पद्धती बराच काळ वापरल्या आहेत.

क्लीन पर्याय प्रथमदर्शनी अधिक नीटनेटका वाटतो. प्रत्येक प्रोसेसला तिच्या क्रमांकाची स्वतंत्र टेम्प (तात्पुरती) डिरेक्टरी मिळते आणि काम संपताच ती नाहीशी होते. दुसऱ्याच्या यंत्रावर एकदाच चालवायच्या साधनासाठी मी आजही हाच पर्याय निवडेन.

माझा प्रोग्रॅम मात्र क्रॉन या ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या सेवेतून दर 5 मिनिटांनी चालत असे आणि ठरलेल्या वेळेत संपला नाही, तर त्याला सिगकिल हा तत्काळ मारणारा सिग्नल पाठवला जाई. हा सिग्नल प्रोसेसला अडवता येत नाही, त्यामुळे सफाईचा कोड चालण्याची संधीच उरत नाही आणि डिरेक्टरी मागे राहते. पुढच्या वेळी प्रोसेसचा क्रमांक वेगळा असल्याने त्या जुन्या डिरेक्टरीकडे कोणी फिरकतही नाही. माझ्या सर्व्हरवर टेम्प ही टीएमपीएफएस प्रकारची होती, म्हणजे हा सगळा कचरा थेट मेमरीत साचत होता; कारण कळेपर्यंत मी मेमरीची गळती माझ्याच कोडमध्ये शोधत राहिलो. साफसफाईसाठी घेतलेल्या पर्यायानेच कचरा करावा, हे मला फार खटकले.

कॅशेच्या पद्धतीत डिरेक्टरीचे नाव फाईलच्या हॅशवरून (तिच्या मजकुरावरून काढलेल्या खुणेवरून) ठरते, त्यामुळे प्रोसेस कशीही मेली तरी पुढची प्रोसेस तीच डिरेक्टरी वापरते आणि दुसऱ्या खेपेपासून प्रोग्रॅम लगेच सुरू झाल्याचे जाणवते. तिचेही दोष आहेत. नव्या बिल्डचा हॅश वेगळा असल्याने जुना कॅशे पडून राहतो. शिवाय लिनक्सच्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टमडीच्या मूळ नियमानुसार टेम्पमधील 10 दिवस न वापरलेल्या फायली काढल्या जातात, म्हणून क्वचित लागणारे एखादे मॉड्यूल कॅशेमधून गायब होऊ शकते.

या दोन्ही दोषांवर एकच उपाय मला पुरला. पीएआर ग्लोबल टीएमपीडीआयआर या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये टेम्पबाहेरची, फक्त त्या युजरला उघडता येईल अशी डिरेक्टरी दिली आणि नवा बिल्ड बसवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये प्रोग्रॅम थांबवून ती रिकामी करण्याची एक ओळ घातली. आपला प्रोग्रॅम नेहमी स्वतःहून शांतपणे संपत असेल, तर क्लीन पर्यायाने कदाचित काहीच बिघडणार नाही. तो अधूनमधून मारला जात असेल, तर मात्र कॅशेच ठेवावा, असे मला वाटते.