कालव्यातली भाड्याची बोट: एका परमिट रूमवाल्याचा अभिप्राय

आधीच सांगतो, मी पिणारा नाही, पाजणारा. सोलापुरात पुणे नाक्याच्या पुढे माझी परमिट रूम आहे. एफएल-३ लायसन, दरवर्षी ३१ मार्चच्या आत नूतनीकरण, रोजचं स्टॉक रजिस्टर, प्रत्येक वेटरचा नोकरनामा. त्यामुळे कुठल्याही हॉटेलात गेलो की मेनू बाजूला राहतो आणि मी काउंटरमागची भिंत बघतो, लायसन फ्रेम करून लावलंय का ते. हा अभिप्राय त्याच नजरेनं लिहिलाय. सूर्यास्त वगैरे वाचायचा असेल तर दुसऱ्या कुणाचं तरी वाचा.

पोरगी इंग्लंडात बर्मिंगहॅमला असते. मे महिन्यात आम्ही दोघं गेलो होतो. जावईबापूंनी एका रविवारी दोन तासांसाठी छोटी बोट भाड्यानं घेतली. मधे टेबल, भोवती बाकडी, चालवायची आपणच. आम्ही पाच जण होतो, त्यात जावयाची तेवीस वर्षांची चुलतबहीण, ती तिकडेच शिकते. भाड्याचे पैसे रुपयांत मोजायचे नाहीत, असा दम पोरीनं घरातूनच दिला होता. मी मनात मोजले. सांगत नाही.

धक्क्यावर त्यांची टपरी. तिथेच नाव नोंदवायचं आणि तिथेच बिअर, वाइनही विकायला. आणि भिंतीवर लायसनचा गोषवारा लावलेला! मी तिथेच थांबलो. जावई म्हणाले, "मामा, सुट्टीवर आलाय तुम्ही." म्हटलं, "बापू, दोनच मिनिटं." पंचवीस लागली.

टपरीवरच्या बाई मोकळ्या स्वभावाच्या होत्या. पोरीला मधे घालून मी विचारलं, बोटी एवढ्या, लायसन एकच कसं? त्यांनी सांगितलं ते ऐकून मी चाटच पडलो. तिकडे परवाना लागतो विक्रीला. पिण्याला लागत नाही. विक्री झाली टपरीवर, म्हणून लायसन टपरीचं. ग्लास घेऊन बोटीत बसलात तर बोटीला काही लागत नाही. घरून बाटली आणलीत तर तोही प्रश्न नाही, कंपनीची परवानगी असली की झालं. आपल्याकडे विकणाऱ्याचं लायसन वेगळं आणि पिणाऱ्याचं परमिट वेगळं. माझ्या काउंटरवर पाच रुपयांच्या एक दिवसाच्या परमिटांचं पुस्तक असतं, गिऱ्हाईक त्याकडे बघून हसतं, पण कायदा म्हणजे कायदा. १९४९ चा आहे आणि नावातच दारूबंदी आहे.

आणखी एक. आपल्याकडे सीलबंद बाटली घरी न्यायची तर वाइन शॉप, एफएल-२. बसून प्यायची तर परमिट रूम, एफएल-३. दोन दुकानं, दोन मालक, दोघांचं एकमेकांशी पटत नाही ते वेगळं. तिकडे एकाच लायसनवर लिहितात: इथे बसून, बाहेर नेऊन, किंवा दोन्ही. टपरीच्या कागदावर बाहेर नेण्याचं होतं, कारण बोट टपरीच्या बाहेर.

मग मी समोरची मोठी बोट दाखवली. तिच्यात आतच बार होता, वाढपी फिरत होते. तिचं काय? तिला मात्र स्वतःचं लायसन. आणि चालती बोट नेमकी कुठली धरायची, तर ती नेहमी जिथे बांधलेली असते तिथली. दोरी ज्या हद्दीत, अर्ज तिथल्या कौन्सिलकडे, म्हणजे तिकडची नगरपालिका. शिवाय बोट म्हटल्यावर कालवे सांभाळणारी संस्थाही अर्ज बघते. रस्त्यावर धावत्या गाडीत दारू विकणं त्यांच्याकडे गुन्हा आहे, चालत्या बोटीत नाही.

हे मला का लागलं, ते सोलापूरकरांना सांगायला नको. डिसेंबर २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, हायवेपासून ५०० मीटरच्या आत दारू नको. १ एप्रिल २०१७ ला माझ्या शटरला कुलूप. टेप घेऊन किती वेळा मोजलं असेल! गेटपासून धरायचं की काउंटरपासून, सरळ रेषेत की चालायच्या रस्त्यानं. मागच्या भिंतीला दार पाडून वळसा घालायचा, इथपर्यंत बेत गेला होता. महापालिकेच्या हद्दीला तो नियम नाही असं कोर्टानं स्पष्ट केलं, तेव्हा काही महिन्यांनी शटर उघडलं. तोवर दोन वेटर गावी गेले ते परत आले नाहीत. आणि इथे ही बाई सांगते, दुकान तरंगत गेलं तरी पत्ता बदलत नाही.

सेवेबद्दल लिहितो. विक्री चोख. चुलतबहिणीनं वाइन मागितली तर टपरीवरच्या मुलानं लगेच वयाच्या पुराव्याचं कार्ड मागितलं. तिकडे वय १८, पण पंचवीसच्या आतला दिसला की कार्ड बघायचंच, अशी त्यांची रीत. आपल्याकडे बिअर-वाइनला २१ आणि बाकीच्याला २५, तो कायदाच. आकडा तोच, पण तिकडे पंचवीस म्हणजे नुसता संशय. माल महाग, वाइन कोमट. बर्फ मागितला तर मुलगा असा बघायला लागला की जणू मी त्यात केशर मागितलं.

बोट चालवायला शिकवलं पाच मिनिटांत. दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते, समोरून कुणी आलं तर आपण उजवीकडे राहायचं, एवढंच. मर्यादा तासाला चार मैल, म्हणजे आपल्या नंदीध्वजांच्या मिरवणुकीला थोडी घाई झाली तर. पाणी शांत. उजनीचा कालवा आवर्तन सुटलं की पळतो, हा जागचा हलत नाही. जुना वाकडातिकडा कालवा टेलफर्ड नावाच्या इंजिनिअरनं १८२० च्या दशकात सरळ केला, त्याची उरलेली वळणं आता फिरायला कामी येतात. सोहो लूप नावाच्या वळणावर गेलो तर काठाला चक्क तुरुंग. ही म्हणाली, "बघा, सोय जवळच आहे."

कडक भाकरी आणि शेंगाचटणी हिनं डब्यात घेतली होती. त्यांच्या खारट चिप्सपुढे आमचा चखणा सरस ठरला. शेजारून जाणाऱ्या बोटीतल्या दोन गोऱ्यांनी चटणी चाखली आणि पुढच्या पुलापर्यंत पाणी पीत गेले.

आता माझी तक्रार. सुरुवातीला जावयांची सही घेतली की सुकाणू धरणारा पिणार नाही. ठीक. मग त्याच मुलानं वाइनच्या बाटलीबरोबर ग्लास दिले पाच. माणसं पाच, एक सुकाणूवर, मी न पिणारा, म्हणजे ग्लास लागत होते तीन. माझ्याकडचा वेटरसुद्धा टेबलावर किल्ली दिसली तर गाडी कोण नेणार ते विचारतो. हे माझ्या लायसनच्या अटींत नाही, मी लावलेली सवय आहे. पोरीनं मोबाइलवर शोधून सांगितलं की गाडीवाल्यासाठी श्वासाची मर्यादा आहे, पण हौशी बोटवाल्यासाठीचं कलम २००३ च्या एका कायद्यात लिहिलं गेलं आणि लागू केलंच नाही. जावयांनी अर्धा ग्लास घेतला. परतीला पुलाखालच्या भिंतीला आम्ही घासलो. अर्ध्या ग्लासानं झालं असं मी म्हणत नाही. मी सासरा आहे, मला तसं म्हणता येत नाही.

धक्क्याला बारा मिनिटं उशिरा लागलो. मुलानं ओरखडा बघितला, घड्याळ बघितलं, अनामतीतून उशिराचे पैसे कापले. सुकाणू कुणाच्या हातात होतं, ते त्यानं विचारलं नाही.

विक्रीला पाचपैकी पाच, बोटीला चार, वाइनला दोन, धक्क्यावरच्या मुलाला दीड. जाणार असाल तर बूड टेकायला सोलापुरी चादर घडी करून न्या, बाकडी लाकडी आहेत.

परत आल्यावर काउंटरवर हे सगळं सांगितलं. नेहमीचा एक गिऱ्हाईक म्हणाला, "मालक, आपल्या कंबर तलावात करू की असं काहीतरी." म्हटलं, "करू की बे. आधी एक काम कर. धक्का कुठे बांधायचा ते ठरव, आणि तिथून जवळचं मंदिर, मशीद, शाळा पंचाहत्तर मीटरच्या बाहेर येते का, टेप लावून ये. टेप माझ्याकडे आहे, २०१७ ची." त्यानं सोडा मागवला.