टॉर्च, तक्ता आणि हातमोजे: डिटॉक्स दोनदा करून झाल्यावर

परवा साडूचा फोन आला. "तुला त्या वॉर्डात जी गोळी देत होते, तिचं नाव सांग. मी घरीच घेतो आणि दारू सोडतो. भरती व्हायचा खर्च कशाला?" फोनवर मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. शांत झाल्यावर लिहायला बसलो.

डिटॉक्स म्हणजे दारू बंद केल्यावर होणारा त्रास डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं देऊन निभावणं. मी आठ महिन्यांपूर्वी पहिल्यांदा पाच दिवस भरती झालो आणि तिसऱ्या महिन्यात पुन्हा. पहिल्या सुट्टीनंतर रागारागाने एक मजकूर लिहून ठेवला होता, तो आधी जसाच्या तसा देतो.

"मुख्य तक्रार एकच, झोपू देत नाहीत. रात्री दोन वाजता डोळ्यांवर टॉर्च. 'काका, हात पुढे करा, बोटं फाकवा.' सिस्टर स्वतःची बोटं माझ्या बोटांच्या टोकांना लावून बघते, थरथर किती. मळमळतंय का? डोकं दुखतंय का? अंगावर मुंग्या चालल्यासारखं होतंय का? आज वार कोणता? आणि कहर म्हणजे, टॉर्च तोंडावर धरून विचारते, 'उजेडाचा त्रास होतोय का?' अहो, होणार नाही तर काय! मग तक्त्यावर आकडा लिहून निघून जाते. दीड-दोन तासांनी परत तेच. माणूस झोपेसाठी तळमळतोय आणि हे त्याला उठवून विचारतात की तुम्ही बेचैन आहात का. वर बिलात हातमोजे जोडीगणिक लावलेत. पिवळी सलाईन लावली, ती कसली म्हणून विचारलं तर व्हिटॅमिन! व्हिटॅमिनसाठी मी भरती झालो होतो का? पाचपैकी दोन तारे, तेही थरथर गेली म्हणून."

राग खरा होता, हिशोब चुकला होता.

आधी तक्त्याचं सांगतो. दोन्ही वेळच्या तक्त्यांची झेरॉक्स मी मागून घेतली. पैसे भरलेत तर कागद तरी मिळू दे, हा माझा स्वभाव. दहा मुद्दे असतात. नऊ मुद्द्यांना प्रत्येकी सातपर्यंत गुण, शेवटच्या वार-तारखेच्या मुद्द्याला चारपर्यंत, असे जास्तीत जास्त ६७. गुण आठ-दहाच्या खाली असले की सहसा थरथर आवरायची जादा गोळी देत नाहीत, चढले की देतात. हे कळल्यावर मी काय केलं असेल? लवकर सुट्टी म्हणजे बिल कमी, म्हणून गुण पाडायला लागलो. पांघरुणाखाली मुठी आवळून ठेवायच्या, हात दाखवायची वेळ आली की श्वास रोखायचा, सगळ्या प्रश्नांना 'नाही' म्हणायचं. तिसऱ्या रात्री सिस्टरने विचारलं, "मुंग्या?" मी 'नाही' म्हणालो आणि त्याच दमात चादरीवरची मुंगी झटकली. मुंगी नव्हती. सिस्टर काही बोलली नाही. माझ्या कपाळाला हात लावला, ओला झालेला तळवा बघितला आणि १९ लिहिले. पाच मिनिटांत डॉक्टर आले.

तिसरा-चौथा दिवस का महत्त्वाचा, हे मला नंतर कळलं. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत थरथर आणि घाम सुरू होतो. फिट येणार असेल तर बहुतेक पहिल्या ४८ तासांत येते. आणि ज्याने माणूस दगावू शकतो तो भ्रम, डेलिरियम ट्रेमेन्स, साधारण ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान गाठतो. म्हणजे घरी बसलेल्या माणसाला 'दोन दिवस निघाले, जिंकलो' वाटायला लागतं, नेमकं तेव्हा. दारू वर्षानुवर्षं मेंदूला दाबून ठेवते, मेंदू तिच्याविरुद्ध सतत रेटत असतो. बाहेरून दार ढकलणारा एकदम बाजूला झाला तर आतून रेटणारा तोंडावर आपटतो, तसा प्रकार. ती गोळी म्हणजे दार हळूहळू सोडणारा हात. तो हात कधी किती सैल करायचा, हे त्या टॉर्चवरून ठरतं.

आता साडूच्या प्रश्नाकडे येतो. गोळीचं नाव का नाही सांगितलं? अशा वेळी नेहमी वापरलं जाणारं क्लोरडायझेपॉक्साइड १९६० पासून बाजारात आहे, गुपित काहीच नाही. पण माझं लिव्हर सुजलेलं होतं आणि ते औषध लिव्हरला बराच वेळ पचवत बसावं लागतं. म्हणून मला लोराझेपाम दिलं. माझ्या रक्ताच्या रिपोर्टवरून निवडलेली गोळी साडूला काय कामाची? शिवाय घरी गोळीही घेतली आणि राहवलं नाही म्हणून वर दारूही घेतली, तर श्वास मंदावून माणूस झोपेतच जाऊ शकतो. माझ्यासारख्याला तर राहवलं नसतंच.

घरी डिटॉक्स होतच नाही असं नाही. त्रास सौम्य असेल, पूर्वी कधी फिट किंवा भ्रम झाला नसेल, दुसरा मोठा आजार नसेल, घरात न पिणारं जबाबदार माणूस चोवीस तास असेल आणि डॉक्टर रोज बघणार असतील, तर काहींचं घरी करतात. पण ते ठरवायचं डॉक्टरांनी, पाकिटाकडे बघून आपण नाही. मी पाकिटाकडे बघूनच घरी तीनदा सोडली होती. तिसऱ्या वेळी तिसाव्या तासाला बेसिनपाशी दात घासताना कोसळलो. शुद्धीवर आलो तेव्हा जीभ चावलेली, ब्रश बादलीत आणि बायको माझं डोकं मांडीवर घेऊन जमिनीवर. भरती होताना डॉक्टरांनी विचारलं, "याआधी किती वेळा एकदम बंद केलीत?" मी अभिमानाने तीन बोटं दाखवली. त्यांनी लाल पेनाने लिहून घेतलं. मला वाटलं, मनोनिग्रहाचे गुण मिळाले.

ते लाल पेन दुसऱ्या वेळी समजलं. तिसऱ्या महिन्यात घसरलो आणि नऊ दिवस प्यायलो. नऊच दिवस, तेही आधीपेक्षा कमी, त्यामुळे या वेळी सोपं जाईल असा माझा हिशोब. दोन्ही झेरॉक्स शेजारी ठेवून बघितल्या, तर पहिल्या वेळचा सगळ्यात वरचा आकडा १९ आणि दुसऱ्या वेळचा २४. वारंवार पिणं आणि एकदम तोडणं झालं की मेंदू दर खेपेला जास्त भडकू शकतो, याला किंडलिंग म्हणतात. घरच्या तीन 'फुकट' डिटॉक्सचा हप्ता मी असा फेडला.

पिवळ्या सलाईनचीही माफी मागायला हवी. त्यात थायमिन असतं, म्हणजे बी-१. पिणाऱ्याच्या शरीरात ते संपत आलेलं असतं. मग डोळ्यांची हालचाल बिघडते, चाल झोकांडते, डोकं गोंधळतं. जर्मन डॉक्टर कार्ल वेर्निकेने हे १८८१ साली नोंदवलं. वेळेत थायमिन मिळालं नाही तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते, म्हणून ग्लुकोज चढवायच्या आधी ते देतात. मी त्याला बिल फुगवणं म्हणत होतो.

खरी तक्रार मात्र पहिल्या वेळी माझ्या लक्षातच आली नाही. सुट्टीच्या कागदावर व्हिटॅमिनच्या गोळ्या आणि 'पुन्हा दाखवा' एवढंच होतं. पाच दिवसांत थरथर जाते, ओढ जात नाही. त्यासाठी वेगळी औषधं आणि समुपदेशन असतं, हे ना त्यांनी सांगितलं, ना मी विचारलं. मी काउंटरवर पाऊण तास हातमोज्यांवरून भांडत होतो. दुसऱ्या वेळी आधीच विचारलं. डायसल्फिराम, म्हणजे वर दारू प्यायली की अंगावर येणारं औषध, जुनं म्हणून स्वस्त पडेल असं मला वाटलं. डॉक्टर म्हणाले, ते घेऊन प्यायलात तर जीवावर बेतू शकतं, आणि अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषध किंवा माउथवॉशसुद्धा त्रास देऊ शकतं. माझ्या लिव्हरकडे बघून त्यांनी नकोच म्हटलं. लिव्हरचे आकडे उतरल्यावर नाल्ट्रेक्सोन, म्हणजे ओढ कमी करणारं औषध, सुरू केलं. पाच महिने झाले. पहिल्या घोटाचा विचार अजून येतो, फक्त तो आता खोलीत बसून राहत नाही.

आणि झोप. घरी ना टॉर्च, ना सिस्टर, तरी दोन महिने मी रात्री दोनला टक्क जागा. दारू सुटल्यावर झोप कित्येक आठवडे, कधी महिनोन्‌महिने विस्कटलेली राहते म्हणे. म्हणजे टॉर्चवर फोडलेलं बरंचसं खापर त्याचं नव्हतंच. तरी अर्धा तारा कापतोच. पहिल्या वेळी अभिप्रायाच्या फॉर्मवर मी सहा ओळी टॉर्चबद्दल लिहिल्या होत्या. दुसऱ्या वेळी बघतो तर टॉर्चच्या काचेवर चिकटपट्टीचा तुकडा, उजेड अर्धा झालेला. कुणी लावली ते कळलं नाही. तेव्हा आता साडेचार.

साडूला सांगितलंय, डॉक्टरांना दाखवेपर्यंत एकदम बंद करू नकोस, आणि आधी किती वेळा सोडलीस ते खरं सांग. उद्या दाखवायला जातोय. मी बिल तपासून देईन म्हटल्यावर तयार झाला. हातमोजे अजून वेगळेच लावतात.