१:२५ मापाची क्राउन व्हिक्टोरिया: प्रतिकृती बांधणाऱ्यांसाठी एका फसवणुकीची हकीकत

पोलिसांच्या गाड्यांच्या अचूक प्रतिकृती बांधणाऱ्या आणि त्यासाठी रेझिनचे (साच्यात ओतल्यावर घट्ट होणाऱ्या द्रव प्लास्टिकचे) सुटे भाग कोणा अनोळखी कारागिराकडून मागवणाऱ्या प्रत्येकाने ही हकीकत शेवटपर्यंत वाचावी, अशी माझी विनंती आहे. गेल्या वर्षी मार्च ते ऑगस्ट या सहा महिन्यांत मी आणि माझ्या भरवशावर राहिलेल्या एका तरुण मुलाने मिळून ५७५ कॅनडियन डॉलर गमावले. ज्या पद्धतीने हे पैसे गेले ती पद्धत आजही तशीच चालू आहे, म्हणून मी सर्व तपशील लिहीत आहे.

मी ओंटारियो प्रांतात मिसिसागा येथे राहतो. माझे वडील महाराष्ट्र पोलिसांच्या मोटार परिवहन विभागात चालक होते आणि माझे बालपण साताऱ्याच्या पोलीस लाइनीत, जीप धुणाऱ्या माणसांच्या आसपास गेले, त्यामुळे पोलिसांची गाडी दिसली की थांबून पाहण्याची सवय मला तेव्हापासूनच लागली. २००४ साली मी कॅनडात आलो तेव्हा इथल्या रस्त्यांवर पोलिसांची गाडी म्हणजे बहुतेक वेळा फोर्डची क्राउन व्हिक्टोरिया असे. ही गाडी आमच्या घरापासून सुमारे दोन तासांच्या अंतरावर, सेंट थॉमस गावातील कारखान्यात तयार होत असे. तिच्या चासी क्रमांकाची सुरुवात २ या अंकाने होते ती ती कॅनडात बनल्यामुळेच, आणि त्याच क्रमांकात पुढे येणारा ‘पी७१’ हा संकेत ती पोलिसांसाठी बनवलेली गाडी असल्याचे सांगतो. १५ सप्टेंबर २०११ रोजी त्या कारखान्यातून शेवटची गाडी बाहेर पडली आणि कारखाना बंद झाला. त्यानंतर त्या गाड्या रस्त्यावरून हळूहळू दिसेनाशा झाल्या, आणि मी त्यांच्या प्रतिकृती बांधू लागलो.

अडचण अशी आहे की, या गाडीची उत्तरकाळातली बॉडी १:२५ मापात, म्हणजे खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या भागाएवढी, मिळवणे सोपे नाही. लिंडबर्ग या कंपनीचा जो प्लास्टिकचा, जोडून बांधायचा संच आहे तो १९९८च्या आधीच्या बॉडीचा आहे. १९९८ साली फोर्डने टपाचा आकार बदलला, मागची काच अधिक उभी केली, पुढचे दिवे आणि जाळी मोठी केली, म्हणजे ज्या रूपात ही गाडी पुढची तेरा वर्षे सर्वत्र दिसली ते रूप त्या संचातून बनवायचे तर टप कापून नवा घडवावा लागतो. धातूच्या तयार गाड्या नव्या रूपात मिळतात, परंतु त्या १:२४ मापाच्या असतात. खऱ्या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतर ११४.७ इंच, म्हणजे सुमारे २९१३ मिलिमीटर आहे. १:२५ मापात ते ११६.५ मिलिमीटर होते आणि १:२४ मापात १२१.४. कागदावर हा फरक क्षुल्लक वाटतो, पण दोन्ही गाड्या फळीवर शेजारी ठेवल्या की लगेच डोळ्यांत खुपतो. त्यामुळे ‘१९९८नंतरची बॉडी, १:२५ मापात, स्वतः घडवलेल्या मूळ नमुन्यावरून रेझिनमध्ये ओतलेली’ अशी जाहिरात समोर आली तेव्हा मी किती आनंदलो असेन, हे या छंदातील माणसाला वेगळे सांगायला नको.

मी घाई केली नाही, अशी माझी समजूत होती. प्रथम मी त्या विक्रेत्याकडून केवळ पुढच्या बंपरवर बसणारा पुश बार (समोरची गाडी ढकलण्याची चौकट) आणि दोन स्पॉटलाइट असा २२ डॉलरचा लहान संच मागवला. तो आठ दिवसांत आला आणि उत्तम होता. पुश बारच्या उभ्या पट्ट्यांच्या कडा धारदार होत्या, रबराच्या पट्टीवरील खाचासुद्धा मोजता येत होत्या. हा संच त्याने दुसऱ्या एका प्रामाणिक कारागिराकडून विकत घेऊन मला पाठवला होता, हे मला पुष्कळ नंतर कळले. लहान व्यवहारात खरा माल द्यायचा आणि मोठ्या व्यवहारासाठी विश्वास कमवायचा, हेच त्याचे भांडवल होते, आणि अशा वेळी ‘आधी थोडे मागवून पाहू’ ही आपली नेहमीची खबरदारीच त्याच्या उपयोगी पडते.

बॉडी, आतली बैठक, मागच्या कैद्याच्या जागेपुढील जाळी, टपावरचा लाइटबार (लुकलुकत्या दिव्यांची पट्टी) आणि ओंटारियो प्रांतीय पोलिसांच्या काळ्या-पांढऱ्या गाडीची डिकॅल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील अक्षरे आणि चिन्हे) मिळून त्याने २४० डॉलर सांगितले. आमच्या ओळखीतला, अभियांत्रिकी शिकणारा एक मराठी मुलगा अधूनमधून माझ्याकडे रंगकाम शिकायला येत असतो; त्याने फोटो पाहिले आणि म्हणाला, “काका, तुम्ही घेताय ना? मग माझाही एक संच सांगून टाका.” शनिवार-रविवारी दुकानात काम करून त्याने ते पैसे साठवलेले होते. मी ‘चांगला माणूस दिसतो’ असे त्याला सांगितले, आणि या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त टोचते ते हेच वाक्य.

पैसे इंटरॅक ई-ट्रान्सफरने, म्हणजे थेट बँक खात्यातून, पाठवावेत, क्रेडिट कार्डावर आपल्याला दलाली बसते, असे विक्रेत्याने लिहिले होते. कॅनडात शेजाऱ्याला भाजीचे पैसे द्यायचे तरी आपण ई-ट्रान्सफर करतो, त्यामुळे त्यात काही वावगे वाटले नाही. परंतु ही रक्कम समोरच्याच्या खात्यात एकदा जमा झाली की ती मागे घेता येत नाही, आणि समोरच्याने आपोआप जमा होण्याची सोय करून ठेवली असेल तर ती तत्काळ जमा होते. क्रेडिट कार्डाने दिलेल्या पैशांबाबत, माल आला नाही किंवा वर्णनाप्रमाणे नाही, अशी तक्रार बँकेकडे करता येते. इथे तशी वाट नसते. पेपालवर ‘मित्र आणि कुटुंबीय’ या प्रकाराने पैसे मागणाऱ्यांचाही हेतू पुष्कळदा हाच असतो, कारण त्या प्रकाराला खरेदीदाराचे संरक्षण लागू होत नाही.

सात आठवडे काही आले नाही. मग त्याचे पत्र आले की सिलिकॉनचा साचा फाटला आहे, नवा साचा ओतायला हवा आणि त्याच्या खर्चापोटी आधीच्या ग्राहकांकडून प्रत्येकी ९५ डॉलर घेत आहे. जे देतील त्यांना दुसरा लाइटबार फुकट मिळेल. सिलिकॉनचे साचे खरोखरच काही डझन वेळा वापरल्यावर फाटतात आणि चांगले सिलिकॉन महाग असते, हे मला माहीत होते. त्याची प्रत्येक सबब अशीच होती. तिच्यातील तांत्रिक भाग खरा असे. मी मुलाला काही न सांगता माझ्या संचासाठी ९५ डॉलर पाठवले. त्यानंतर तो पत्रांना दोन-दोन आठवड्यांनी उत्तर देऊ लागला आणि अखेर, मी पोलिसांकडे जाण्याचा उल्लेख केल्यानंतर, जूनच्या शेवटी दोन खोकी आली.

खोके उघडून मी बॉडी हातात घेतली तेव्हा पहिल्या क्षणी ती वाईट वाटली नाही. मग व्हर्नियर कॅलिपर काढला. चाकांच्या कमानींच्या मध्यापासून मध्यापर्यंत १२० मिलिमीटर भरले. हे ना १:२५ चे माप, ना १:२४ चे. रेझिन घट्ट होताना किंचित आकसते, म्हणून १२१.४ मिलिमीटरच्या वस्तूवरून साचा काढला आणि त्या नकलेचीही नक्कल केली की माप साधारण एवढ्यावर येते. बॉडी उलटी केली तर टपाच्या आतल्या बाजूला आणि पुढच्या काचेखाली घासून सपाट केलेले गोल ठसे दिसले; धातूच्या गाडीत स्क्रू बसवण्यासाठी जे खुंट असतात त्यांचेच ते ठसे होते. तरीही मनाला पटेना, म्हणून मी टेबलावरचा दिवा आडवा करून प्रकाश पुढच्या दारावर तिरका पाडला. तेव्हा राखाडी रेझिनवर, सावलीहूनही पुसट, उठावाची अक्षरे उमटलेली दिसली. मूळ धातूच्या गाडीच्या दारावर छापलेल्या शाईची जाडी सिलिकॉनने टिपून घेतली होती. स्वतः घडवलेला मूळ नमुना म्हणून त्याने विकलेली बॉडी कोणत्याही खेळण्यांच्या दुकानात मिळणाऱ्या तयार गाडीवरून, तिचा रंगसुद्धा न काढता, उचललेली होती.

लाइटबारची कथा लवकर संपते. फोटोत तो स्वच्छ पारदर्शक होता, हातात आला तो पिवळट आणि बुडबुड्यांनी भरलेला, कारण पारदर्शक रेझिन दाबाच्या भांड्यात ओतले नाही की हवा आतच अडकते. डिकॅलचे मात्र वाईट वाटले. मी वाटीत कोमट पाणी घेऊन एक लहान तुकडा त्यात सोडला आणि चिमटा उचलेपर्यंत त्याची निळी शाई धुरासारखी पाण्यात पसरू लागली. अर्ध्या मिनिटात कागदावर फक्त फिकट डाग उरला. साध्या इंकजेट यंत्रावर छापून त्यावर वॉर्निशचा हातही दिलेला नव्हता. शिवाय पारदर्शक कागदावर पांढऱ्या शाईचा थर नसताना छापलेली अक्षरे काळ्या रंगावर दिसतच नाहीत, आणि घरगुती यंत्रांना पांढरी शाई छापता येत नाही. ते पूर्वी आल्प्स या कंपनीच्या छपाई यंत्रांवर होत असे, आता त्यासाठी पांढऱ्या टोनरचे यंत्र लागते. काळ्या गाडीची डिकॅल विकणाऱ्याला पांढरा रंग कसा छापता, हा एकच प्रश्न मी आधी विचारायला हवा होता.

त्यानंतर मी जाहिरातीचे जतन केलेले फोटो पुन्हा नीट पाहिले, आणि जे दिसले ते मला पहिल्याच दिवशी दिसायला हवे होते. २००३ साली फोर्डने या गाडीची चौकट बदलली तेव्हा चाकांचा ऑफसेटही, म्हणजे चाकाचा चेहरा किती आत किंवा बाहेर बसतो तेही, बदलले. त्याआधीच्या लोखंडी चाकांचा मध्य आत खोल गेलेला दिसतो, नंतरच्या चाकांचा चेहरा जवळजवळ टायरच्या कडेला येतो. जाहिरातीतल्या पहिल्या दोन फोटोंत चाके खोल होती आणि तिसऱ्यात सपाट, तरीही वर्णन मात्र एकाच २००८च्या गाडीचे होते. म्हणजे फोटो दोन वेगवेगळ्या माणसांच्या दोन वेगवेगळ्या प्रतिकृतींचे होते. हा फरक मी इतरांना अनेकदा समजावून सांगितला आहे. परंतु त्या दिवशी मी फक्त टपाचा आकार पाहत होतो, कारण मला तेवढाच हवा होता. फोटोंवरून शोध घेतल्यावर त्यांपैकी एकाचे खरे मालक सापडले. त्यांनी फार सौजन्याने उत्तर दिले की ती गाडी त्यांनी स्वतःसाठी बांधली होती, तिची बॉडी कधीच कोणाला विकली नव्हती आणि याआधीही दोन जणांनी त्यांना हेच विचारले होते.

बँकेने सांगितले की व्यवहाराला तुम्ही स्वतः संमती दिली होती, त्यामुळे काही करता येणार नाही. मी स्थानिक पोलिसांकडे तक्रार नोंदवली आणि कॅनडाच्या फसवणूकविरोधी केंद्रालाही सर्व पत्रव्यवहार पाठवला. हे केंद्र चालवण्यात ज्या यंत्रणा सहभागी आहेत त्यांत ओंटारियो प्रांतीय पोलीसही आहेत. रक्कम लहान म्हणून अशी तक्रार करण्याचे टाळू नये, असे मला तिथल्या बाईंनी आवर्जून सांगितले, कारण तोच ई-मेल आणि तेच खाते इतर तक्रारींत आले तरच धागा जुळतो. पैसे परत आलेले नाहीत. ऑगस्टमध्ये त्याचे खाते बंद झाले आणि माझ्या ९५ डॉलरच्या बदल्यात काहीही आले नाही.

मुलाचे २४० डॉलर मी गणपतीत त्याला पाकिटात घालून दिले. “काका, राहू द्या हो, मी माझ्या मनाने घेतलं होतं,” असे तो म्हणत राहिला, पण मी ऐकले नाही. आता आम्ही दोघे मिळून लिंडबर्गच्या बॉडीचा टप कापून प्लास्टिकच्या पत्र्याने नवा बसवत आहोत. काम संथ आहे, परंतु चाकांमधले अंतर ११६.५ भरते.

कोणाकडूनही रेझिनची बॉडी घेताना मी आता एकच गोष्ट मागतो: रंग न दिलेल्या बॉडीशेजारी स्टीलची पट्टी आणि त्या दिवशीची तारीख हाताने लिहिलेली चिठ्ठी ठेवून काढलेला, वरून आणि आतून, असा फोटो. खऱ्या कारागिराला यात अपमान वाटत नाही. ज्यांच्याकडून त्यानंतर मी दोनदा खरेदी केली त्यांनी तासाभरात असे फोटो पाठवले.

गेल्या महिन्यात जुन्या फोटोंपैकी एक मला नव्या नावाच्या विक्रेत्याकडे पुन्हा दिसला, किंमत २६० डॉलर. गाडी काळी-पांढरी आहे, पुढचे डावे चाक किंचित वळवलेले आहे, खाली हिरवी कटिंग मॅट (कापकामासाठी टेबलावर अंथरायची चटई) आहे आणि तिच्या उजव्या कोपऱ्यात नखाएवढा तुकडा निघालेला आहे. ती मॅट ज्यांची आहे ते गृहस्थ काहीही विकत नाहीत. हा फोटो दिसला तर पैसे पाठवू नका, आणि आधीच पाठवले असतील तर तक्रार आजच नोंदवा.