तीन शिंगरं आणि एक मैल: न्यूमार्केट, १ मे १९७१

कोवळ्या घोड्यांच्या शर्यतीत कोणावर बोट ठेवायचं, हे शिकायचं असेल तर मी १९७१ची इंग्लंडमधल्या न्यूमार्केटची २००० गिनीज, म्हणजे तीन वर्षांच्या घोड्यांची एक मैलाची शर्यत, समोर ठेवतो. घोडे सहाच, खरे दावेदार तीन, आणि तिघांत उन्नीस-बीसचाच फरक. आदल्या वर्षअखेरीच्या फ्री हँडिकॅपमध्ये, म्हणजे दोन वर्षांच्या घोड्यांच्या वजनवार प्रतवारीत (जितकं वजन जास्त तितका घोडा सरस), माय स्वॉलो १३३ पौंडांवर, मिल रीफ १३२वर आणि ब्रिगेडियर जेरार्ड १३१वर होता. निकाल क्षणभर विसरा आणि त्या सकाळी रेसबुक उघडून बसा.

आधी ट्रॅक. महालक्ष्मीची इंडियन २००० गिनीजही १६०० मीटरचीच, पण तिथे वळण आहे. न्यूमार्केटचा रोली माइल सरळसोट; शेवटाकडे उतार लागतो आणि मग नेमका दमलेल्या घोड्यापुढे चढ येतो.

नुसती कामगिरी पाहिली तर माय स्वॉलो. सातपैकी सात जिंकलेल्या. फ्रान्समधल्या रॉबेर पापँ, मॉर्नी, सालामांद्र आणि ग्राँ क्रितेरियम या चारही शर्यती त्याने एकाच मोसमात घेतल्या. ग्राँ क्रितेरियम मैलाची, म्हणजे अंतराची परीक्षा तिघांत त्यानेच दिलेली.

मिल रीफ एकदाच हरला, तोही रॉबेर पापँमध्ये माय स्वॉलोकडून, शॉर्ट हेडने, म्हणजे जेमतेम नाकाच्या फरकाने. बाकी त्याची जिंकण्याची तऱ्हा पाहा: अ‍ॅस्कटला कव्हेंट्री आठ लांबींनी (एक लांबी म्हणजे घोड्याच्या अंगाएवढं अंतर), यॉर्कच्या चिखलात गिमक्रॅक दहा लांबींनी. चाराला सहा भावाने, म्हणजे चार लावले तर सहा जिंकायचे, तोच फेव्हरिट होता.

ब्रिगेडियर जेरार्डला दोनाला अकरा असा, म्हणजे पाचपटीहून अधिक भाव मिळत होता. तोही अपराजित, पण चारच शर्यती धावलेला आणि सहा फर्लांगांपुढे (पाऊण मैलापुढे) कधी न गेलेला. बाकीचे दोघे वसंतात एकेक शर्यत जिंकून आले होते. ट्रेनर डिक हर्नने याला थेट गिनीजलाच उतरवलं. बहुतेक लोक इथे कचरले असतील, आणि माझ्या मते इथेच थांबून विचार करायला हवा. मिडल पार्कमध्ये त्याने मम्मीज पेट आणि स्विंग इझी या अस्सल स्प्रिंटर, म्हणजे कमी अंतराच्या, घोड्यांना त्यांच्याच अंतरावर तीन लांबींनी मागे टाकलं होतं. आणि त्याचा बाप क्वीन्स हुसार मैलाची ससेक्स स्टेक्स जिंकलेला. मैलाच्या रक्ताचा घोडा कोवळ्या वयात स्प्रिंटरना हरवत असेल, तर अंतर वाढल्यावर तो खुलण्याचीच शक्यता जास्त. शिवाय माय स्वॉलो आणि मिल रीफ यांचा जुना हिशेब बाकी होता. दोघे एकमेकांना भिडले तर मागून येणाऱ्याला वाट मोकळी.

म्हणून या अंतरासाठी माझा कौल ब्रिगेडियरला. तसंच घडलं. माय स्वॉलो पुढे, मिल रीफ त्याला झोंबलेला, आणि जॉकी जो मर्सरने मागून आणलेला ब्रिगेडियर चढावर दोघांना सोडून तीन लांबींनी गेला. मिल रीफ दुसरा, माय स्वॉलो तिसरा.

मात्र अंतर २४०० मीटर असतं तर मी मिल रीफच घेतला असता. पुढच्याच महिन्यात तो एप्समची डर्बी जिंकला, ऑक्टोबरमध्ये पॅरिसची आर्क ही शर्यतही; दोन्ही साधारण त्याच अंतराच्या. ब्रिगेडियरला त्याच्या मालकांनी डर्बीला उतरवलंच नाही.