बारोलो घ्यावी की बार्बारेस्को?

इटलीच्या पिएमोंते प्रांतात आल्बा शहराच्या दोन बाजूंना या दोन रेड वाइन तयार होतात. दोन्हींत नेब्बिओलो हे एकच द्राक्ष, दुसऱ्या कशाची भेसळ नाही. तरी मुरण्याची चाल वेगळी. माझं मत आधीच सांगते: चार-पाच वर्षांत उघडायची असेल तर बार्बारेस्को घ्या. दहा-बारा वर्षं थांबायची तयारी आणि बाटली ठेवायला थंड जागा असेल, तरच बारोलो.

नियमांतच फरक दिसतो. बारोलो किमान ३८ महिने मुरवावी लागते, त्यातले १८ लाकडी पिंपात. बार्बारेस्कोला २६ महिने पुरतात, पिंपात ९. बार्बारेस्कोचे मळे तानारो नदीजवळ, जरा कमी उंचीवर. तिथे द्राक्षं थोडी आधी पिकतात आणि वाइन लवकर मऊ होते. पण बारोलोही सरसकट एकसारखी नसते. ला मोर्रा गावची बारोलो सुवासिक, नाजूक. सेर्रालुंगा गावची मात्र कडक, तिला वर्षानुवर्षं हात लावू नये. त्यामुळे लेबलावर गाव लिहिलं असेल तर ते जरूर वाचा.

नेब्बिओलोचा रंग फसवा असतो. ग्लासाआडची बोटं दिसतील इतका फिका, म्हणून वाइन हलकी असेल असं वाटतं. पहिल्या घोटातच कच्चं जांभूळ खाल्ल्यासारख्या हिरड्या आवळून येतात. तरुण बारोलो पहिल्या अर्ध्या तासात जवळपास बंदच असते: आंबट, तुरट, वास दबलेला. ती मोठ्या भांड्यात ओतून दोन तास ठेवा. मग आधी गुलाब येतो, मागोमाग चेरी आणि संत्र्याची साल, आणि तळाशी डांबराचा तो प्रसिद्ध वास. तुरटपणा जात नाही, पण फळाची चव वर येते आणि घोटाचा तोल सावरतो. बार्बारेस्को हाच प्रवास कमी वेळात करते, आणि तिच्यात फुलांचा वास पहिल्यापासून हाताशी असतो. मला तिची ही मोकळीक मनापासून आवडते.

वय झाल्यावर मात्र चांगली बारोलो पुढे निघून जाते. कडेला विटकरी छटा येते. सुकी पानं, चामडं, अळंबी असे वास एकामागून एक उलगडतात. अशी बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवा, म्हणजे गाळ तळाशी बसेल. ती अलगद ओता आणि फार वेळ हवेवर ठेवू नका, नाहीतर जपलेला सुगंध उडून जाईल.

आपल्याकडे खरी अडचण उन्हाळ्याची. बाटलीला साधारण १२ ते १४ अंश तापमान लागतं, तेही स्थिर. नागपुरात किंवा पुण्यात नुसत्या कपाटात ठेवलेली बारोलो मुरत नाही, बिघडते. वाइनचा फ्रीज नसेल तर माझ्या मते हा प्रश्न तिथेच मिटला.

जेवणात तांबडा रस्सा नको. तिखटाने तुरटपणा आणखी बोचतो. तिखट कमी घातलेलं, तुपावर परतलेलं मटण दोन्हींना छान जमतं. अर्धी बाटली उरली तर बूच लावून फ्रीजमध्ये ठेवा. तरुण बारोलो दुसऱ्या दिवशी बरेचदा जास्त खुललेली लागते. जुनी मात्र त्याच रात्री संपवा.