एसी योक: अख्खा ऑफ सीझन वापरल्यावर

कुपवाड एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे, निम्मं काम साखर कारखान्यांच्या ओव्हरहॉलिंगचं. गळीत हंगाम संपता संपता एसी योक, म्हणजे एसी करंटवर चालणारा, क्रॅक शोधायचा दोन पायांचा चुंबक घेतला, आता पुढचा हंगाम तोंडावर आलाय. लोखंडावरच्या क्रॅकसाठी आता डीपी (डाय पेनेट्रंट, रंग क्रॅकमध्ये झिरपवून बघायची टेस्ट) करू वाटत नाही.

डीपीत लाल लिक्विड मारा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, पुसा, डेव्हलपर मारा, परत थांबा, आणि क्रॅकमध्ये जुनं ग्रीस घट्ट बसलं असेल तर लिक्विड आत शिरतच नाही. योकला तसं नाही, व्हाइट पेंटचा पातळ हात मारायचा, दोन पाय टेकवायचे, बटण दाबून ठेवायचं आणि करंट चालू असतानाच काळी इंक फवारायची, क्रॅकपाशी फील्ड बाहेर गळतं आणि इंकमधले लोहकण तिथंच चिकटतात. फवारणी आधी थांबवायची, बटण नंतर सोडायचं, नाहीतर वाहत्या इंकनं आलेली रेघ धुऊन जाते.

एका मिल शाफ्टला जर्नलच्या (बेअरिंगमध्ये बसणाऱ्या भागाच्या) फिलेटवर, म्हणजे जाडी बदलते तिथल्या गोलाईवर, केसाएवढी काळी रेघ आली. कारखान्याचा फिटर म्हणाला, "टर्निंगचा ओरखडा असंल ओ." ग्राइंडरनं हलकं घासलं, परत पेंट, परत इंक, रेघ जागच्या जागी आणि टोकं आधीपेक्षा स्पष्ट. हा शाफ्ट हंगामात तुटला असता तर गाळप बंद आणि उसाच्या गाड्या यार्डात उभ्या, ते नुकसान शेतकऱ्याचं पण असतं, म्हणून ही तपासणी घाईत उरकू नये असं मला मनापासून वाटतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दिशा. फील्ड एका पायाकडून दुसऱ्या पायाकडं जातं आणि त्याला आडवी असलेली क्रॅकच दिसते, समांतर असली तर निसटते. फिलेटची गोल फिरणारी क्रॅक पाय शाफ्टच्या लांबीत ठेवल्यावर दिसते, कीवेच्या (चावी बसते त्या खाचेच्या) कोपऱ्यातून लांबीत गेलेली असली तर पाय आडवे लागतात. म्हणून प्रत्येक जागी 90 अंशात फिरवून दोनदा मारायचंच, पोरं कंटाळतात पण तिथं सूट नाही. कीवेच्या धारेवर आणि वेल्डच्या अंडरकटला (कडेला पडलेल्या खाचेला) इंक उगीच पण जमते, ते ओळखायला नजर बसावी लागते.

आता तक्रारी. सलग वापरला की हँडल तापतं, मधे विश्रांती द्यावी लागते. एका पायाचा जॉइंट ढिला झाला, मग पाय नीट टेकत नाही, फटीमुळं फील्ड कमी पडतं. रोज सकाळी पाय पूर्ण फाकवून 4.5 किलोचं वजन उचलून बघतो, एसी योकला तेवढं उचलता आलंच पाहिजे. आणि एसीचं फील्ड कातडीपुरतंच राहतं, कास्टिंगच्या पोटातले ब्लोहोल (हवेच्या पोकळ्या) यात दिसणार नाहीत, तिथं अल्ट्रासॉनिकच. 304 एसएसचे (स्टेनलेस स्टील) रसाचे पाइप, गनमेटलचे (तांब्याचा मिश्रधातू) बुश, यांना चुंबकच लागत नाही त्यामुळं डीपीचा डबा अजून कपाटात आहेच.

काम झाल्यावर योक चालू ठेवूनच हळूहळू हातभर लांब न्यायचा आणि मग बंद करायचा, म्हणजे जॉब डीमॅग होतो, त्यातलं चुंबकत्व जातं, नाहीतर जर्नलला बारीक बुरादा चिकटून बेअरिंग खातो. घेणार असाल तर दुमडणाऱ्या पायांचाच घ्या, गोल शाफ्टवर सरळ पाय बसत नाहीत.