मे महिन्याआधी काय घ्यावं: सनकोट, छत्री की सनस्क्रीन?

मालवणच्या मावसबहिणीचा परवा फोन आला. तिचा होमस्टे आहे. पाहुण्यांना बोटीपर्यंत सोडणं, बाजार, अंगणातली कामं, सगळं भर उन्हात चालतं. दोन्ही गालांवर वांग उठायला लागलाय. "एकच काय ते सांग, तेच घेते," म्हणाली. फोनवर घाईत जे बोलले ते इथे नीट लिहिते, कारण रत्नागिरीत माझ्या ओळखीतल्या निम्म्या बायका हेच विचारतात.

सुरुवात आईच्या हातापासून करते. आई सत्तरीची आहे. उभा जन्म उन्हात मासळी सुकवण्यात गेला. तिच्या दंडावर ब्लाउजची बाही संपते तिथे एक स्पष्ट रेघ आहे. रेघेच्या वरची कातडी मऊ आणि एका रंगाची, चिमटीत धरून सोडली की लगेच सपाट होते. रेघेखाली तीच कातडी जाड, कोरडी, बारीक चौकड्या पडलेली आणि मनगटाकडे तपकिरी ठिपक्यांनी भरलेली. वय दोन्हींचं सत्तरच. वरच्या कातडीवर फक्त वयाची खूण आहे, खालच्या कातडीवर वयासोबत उन्हाचीही. आपल्याला टाळता येतं ते उन्हाचं.

उन्हातल्या अतिनील किरणांपैकी यूव्हीबी वरच्या थरात भाजतात आणि यूव्हीए खोल जातात. कातडीला ताठ ठेवणारं कोलॅजन तिथे असतं. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात फिशर आणि व्हुरहीस यांच्या गटाने १९९० च्या दशकात दाखवलं की अतिनील किरणांमुळे कोलॅजन तोडणारी एन्झाइम्स वाढतात, आणि त्यासाठी कातडी लाल होण्याइतकं ऊनही लागत नाही. त्यामुळे "मी उन्हात लाल होत नाही, मला काही होत नाही" हे म्हणणं टिकत नाही. आपल्या सावळ्या वर्णात मेलॅनिन जास्त, म्हणून सुरकुत्या उशिरा येतात हे खरं. पण डाग आणि वांग लवकर येतात. आपली निवड या डागांकडे बघूनच करायला हवी, आणि जाहिराती नेमकं तेच सांगत नाहीत.

आता पहिली तुलना, कापड आणि मलमाची, म्हणजे सनस्क्रीनची.

कापड घाम आला म्हणून उतरत नाही, दोन तासांनी पुन्हा लावावं लागत नाही, आणि एकदा घेतलं की चार वर्षं चालतं. हातांसाठी, मानेसाठी मी डोळे झाकून सनकोटच घ्या म्हणेन. फक्त कापड बघून घ्या. उन्हासमोर धरा. पलीकडची बोटं दिसली तर ऊनही तेवढंच आत येतं. विरळ विणीची पांढरी ओढणी दिसायला छान, पण आडोसा म्हणून फार कच्ची. घट्ट विणीचं, गडद रंगाचं कापड कितीतरी चांगलं. सुती कापड भिजलं की त्याची ताकद आणखी कमी होते, म्हणून समुद्रात टी-शर्ट घालून उतरलेल्या पोरांचे खांदे तरीही भाजतात. पाण्याखाली अर्ध्या मीटरवरसुद्धा पृष्ठभागाच्या ४० टक्के अतिनील किरण पोहोचतात. स्नॉर्कलिंगला जाणाऱ्यांची पाठ कशाने सोलपटते ते यावरून कळेल.

छत्रीबद्दल मात्र आपला गैरसमज मोठा आहे. रस्त्याने चालताना काळी छत्री उत्तमच, वरून येणारे बहुतेक किरण ती अडवते. पण पुळणीवर छत्री रोवून बसलं की झालं, असं नाही. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरण परत फेकतो, शिवाय आभाळातून विखुरलेले किरण चारही बाजूंनी येतात. टेक्सासमध्ये ८१ जणांवर एक चाचणी झाली, तिचा अहवाल २०१७ मध्ये आला. काहींना साडेतीन तास फक्त बीचवरच्या मोठ्या छत्रीखाली बसवलं, बाकीच्यांना छत्रीविना, एसपीएफ (कातडी भाजण्यापासून किती संरक्षण मिळतं त्याचा आकडा) १०० चं सनस्क्रीन लावून. छत्रीवाल्यांपैकी ७८ टक्के लोकांची कातडी भाजली, सनस्क्रीनवाल्यांपैकी २५ टक्के. माणसं गोऱ्या कातडीची होती, तरी धडा आपल्यालाही लागू आहे: किनाऱ्यावर शहाळी विकायला बसणाऱ्या बाईला छत्री पुरत नाही, आणि नुसतं मलमही पुरं पडत नाही.

मग मलम कशासाठी? चेहऱ्यासाठी. चेहरा दिवसभर झाकून ठेवता येत नाही. ऑस्ट्रेलियात नॅम्बर गावी झालेल्या अभ्यासात ५५ वर्षांखालच्या ९०३ जणांची कातडी तपासली होती. काहींना रोज सकाळी सनस्क्रीन लावायला सांगितलं, बाकीच्यांना मनाला येईल तेव्हा. साडेचार वर्षांनी रोज लावणाऱ्यांच्या कातडीचं वय वाढणं २४ टक्क्यांनी कमी भरलं. हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. विशेष म्हणजे ते सनस्क्रीन फक्त एसपीएफ १५ च्या वर्गातलं होतं. रोजच्या सवयीने केलेलं काम आहे हे.

म्हणून आकड्याच्या मागे धावू नका. नीट थर दिला तर एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के यूव्हीबी अडवतं, ५० सुमारे ९८. फरक पडतो तो आपण किती लावतो याने. चाचणीत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावतात आणि आपण बहुतेकजण त्याच्या निम्म्याहूनही कमी. तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत एकेक रेघ ओढा, तेवढं चेहऱ्याला आणि मानेला. हे दिवसातून दोनदा केलं तर ५० ग्रॅमची ट्यूब महिनाभरसुद्धा पुरत नाही. वर्षभर एकच ट्यूब चालली असेल तर ती लावली नाही असंच समजा. खिशाला रोज परवडेल अशीच घ्या. महागडी घेऊन चिमूटभर लावण्यात काही हशील नाही. आणि एसपीएफ मुख्यतः यूव्हीबीचा आकडा आहे, यूव्हीएसाठी खोक्यावर पीएपुढची अधिकची चिन्हं मोजा. चार असतील तर उत्तम.

आता ट्यूब कोणती. केमिकल फिल्टरवाली जेल हलकी असते, आपल्या दमट हवेत चिकट होत नाही, चेहरा पांढरा पडत नाही. पण घामाबरोबर डोळ्यांत उतरली की झोंबते. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायॉक्साइडवाली मिनरल नाजूक कातडीला सोसते, पण आपल्या रंगावर राखाडी झाक येते. मी स्वतः अशी एक आणली आणि चौथ्या दिवशी बंद केली. आरशात आजारी माणूस दिसायचा. जी लावावीशी वाटत नाही ती कितीही चांगली असली तरी कपाटात पडून राहते.

माझं मत तिसऱ्या प्रकाराला आहे: टिंटेड, म्हणजे कातडीच्या रंगाची छटा असलेलं. कारण असं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सावळ्या आणि गोऱ्या कातडीवर नुसता दृश्य प्रकाश, म्हणजे डोळ्यांना दिसतो तोच उजेड, टाकून पाहिला. सावळी कातडी काळवंडली आणि तो रंग टिकला, गोऱ्या कातडीवर काहीच उठलं नाही. साधं सनस्क्रीन हा उजेड अडवत नाही. आयर्न ऑक्साइड घातलेलं, मातकट रंगाचं सनस्क्रीन अडवतं. वांगावर उपचार चालू असताना अशा सनस्क्रीनचा फायदा साध्यापेक्षा जास्त दिसला आहे. म्हणून ज्यांना वांग आहे त्यांनी खोक्यामागे आयर्न ऑक्साइड हे नाव शोधावं. सगळ्यांना जमेल अशी एकच छटा मिळत नाही, ही मात्र अडचण आहे. घेण्याआधी जबड्याच्या कडेला लावून उजेडात बघा.

मालवणात समुद्रात उतरणार असाल तर आणखी एक बघा. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहेत, १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट हे केमिकल फिल्टर असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर हवाईने २०२१ पासून बंदी घातली, ती प्रवाळांच्याच काळजीने. ही दोन नावं टाळायला आपल्याला कायद्याची वाट बघायची गरज नाही. पाण्यात तर पूर्ण बाह्यांचा स्विमसूट सगळ्यांत बरा.

खोबरेल आणि भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल? भेगाळलेल्या टाचांना भिरंडेलासारखं काही नाही, पण तेल लावून उन्हात जाणं म्हणजे सनस्क्रीन लावणं नव्हे.

पावसाळ्याचंही विचारतात. हलक्या ढगांतून ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण खाली येतात, तेव्हा ट्यूब गणपतीपर्यंत ठेवून देऊ नका. काचही यूव्हीए पूर्ण अडवत नाही. अमेरिकेतल्या एका ट्रकचालकाचा फोटो २०१२ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आला होता. २८ वर्षं गाडी चालवून त्याचा खिडकीकडचा डावा गाल दुसऱ्याहून कितीतरी वर्षांनी म्हातारा दिसत होता. आपल्याकडे चालकाची खिडकी उजवीकडे, एवढाच फरक.

झालेलं नुकसान उलटवणाऱ्या क्रीमबद्दल थोडं. सर्वांत जुना पुरावा ट्रेटिनॉइन या अ जीवनसत्त्वाच्या जातीतल्या औषधाच्या बाजूने आहे, १९८० च्या दशकापासून. ते रात्री लावायचं, डॉक्टरांना विचारून, आणि गरोदरपणात अजिबात नाही. दिवसा सनस्क्रीन लावत नसाल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. आणि कळवळून सांगते, दुकानातून "गोरेपणाची" म्हणून मिळणारी, स्टिरॉइड मिसळलेली ट्यूब चेहऱ्याला लावू नका. आमच्या शेजारच्या मुलीने तीन महिने लावली. पहिले पंधरा दिवस चेहरा उजळला, मग कातडी पातळ होऊन लाल शिरा दिसू लागल्या, आणि सोडली तर आग. २०१८ मध्ये सरकारने अशी अनेक स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असं केलं, तरी ती मिळतात.

मावसबहिणीने शेवटी गडद निळा सनकोट आणि टिंटेड ट्यूब घेतली. वांगासाठी ती डॉक्टरांनाही दाखवणार आहे. आईला मलम मान्य नाही. खारट हातांनी सारखा चेहरा पुसावा लागतो, म्हणते. ती आता मासळी पसरताना साडीवर बाबांचा पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट घालते, बाह्या मनगटापर्यंत खाली घेते आणि गुंड्या लावते.